लुगडं मिरवणुकीत, पाटीवाली रस्त्यावर

मंडळी, आज जरा मोठं लिहितोय. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यावर सोडून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात मी इथे दोन फोटो टाकले होते, आठवत असतील. पहिला आपल्या करंजाच्या मिरवणुकीचा. पंचवीस-तीस पोरी, सगळ्यांची एकाच रंगाची लुगडी, केसांत वेण्या, गळ्यात सोनं (काहींचं खरं, काहींचं भाड्याचं), मागे बँजो. दुसरा फोटो दोन दिवसांनंतरचा, शहरातल्या बाजाराबाहेरचा. साठी ओलांडलेली एक मावशी, अंगावर धुऊन धुऊन विटलेलं लुगडं, पुढ्यात पाटी, पाटीत मांदेली आणि थोडी कोलंबी, आणि बाजूला येऊन थांबलेली अतिक्रमणवाल्यांची गाडी. चेहरा येऊ दिला नव्हता. तिला विचारूनच टाकला होता.

पहिल्या फोटोला अकराशेच्या वर लाइक आले. "आपली संस्कृती, आपला अभिमान." "कोळीवाड्याची शान." दुसऱ्याला त्रेचाळीस. आणि खाली एक कमेंट: "वास येतो, ट्रॅफिक होतं, यांना कुठेतरी बाजूला हलवायला पाहिजे."

कमेंट करणारा परका कुणी नव्हता. आपल्यातलाच पोरगा. पहिल्या फोटोवर त्यानेच तीन हार्ट टाकले होते.

मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतोय. त्याच्यावर राग नाही, कारण वीस वर्षांपूर्वी मी त्याच्यापेक्षा वाईट वागलोय. ते पुढे सांगतो.

आधी लुगडं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. आज बऱ्याच पोरींना लुगडं म्हणजे दुकानात मिळणारं, पायजम्यासारखं शिवलेलं, मागे चेन असलेलं काहीतरी वाटतं. ते अंगात घालतात. खरं लुगडं घालत नाहीत, नेसतात. नऊ वार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. त्याला ना शिलाई, ना नाडी, ना परकर. कमरेला गाठ मारायची, निऱ्या काढायच्या, पायांतून मागे नेऊन कासोटा खोचायचा. वर चोळी, आणि कितीतरी घरांत अंगावर वेगळी फडकी. बामणांकडची नऊवारी घोट्यापर्यंत येते. आमच्या बायकांचं लुगडं गुडघ्याच्या आसपास थांबतं, पोटऱ्या मोकळ्या.

ते तिथेच का थांबतं? होडी लागली की चिखलात उतरायचं असतं. ओहोटीला खाडीत पाय गुडघाभर रुततात. तिथे कालवं फोडायची, खुबे वेचायचे. वलांडीवर बोंबील टांगायचे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि पाटीतलं पाणी पाठीवर गळत असताना भराभर चालायचं. बाजारात गेलं की तासन्‌तास उकिडवं बसून कोयतीवर मासे कापायचे. मिळालेले पैसे कनवटीला खोचायचे, ते कुणाच्या बापाला काढता येत नाहीत. आगरी बायकांचंही तेच. भाताची लावणी असो की मिठागर, पाय पाण्यात आणि दोन्ही हात कामात. गोल साडी नेसून यातलं एक काम करून बघा, मग समजेल.

म्हणजे लुगडं हा आधी कामाचा कपडा होता. खलाशाला जशी बंडी, पोलिसाला जशी वर्दी, तसा. सणाला तोच कपडा भारी कापडात नेसायचा आणि वर असेल नसेल ते सोनं घालायचं. आणि ते सोनं तिच्या स्वतःच्या कमाईचं असायचं, हे विसरू नका. नवरा दर्यावर, मासळीचा व्यवहार बायकोच्या हातात. भाव ती ठरवणार, उधारी ती लक्षात ठेवणार, दलालाशी ती भांडणार. कोळणीचा जो ठसका सिनेमात आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये विनोदाला वापरतात, तो या व्यवहारातून आलाय.

माझी आई सांगायची की जुन्या बायका लांबून नुसती चाल आणि कासोटा बघून ओळखायच्या, ही करंजाची का मोऱ्याची. मला तो फरक कधीच कळला नाही. पण तिला कळायचा.

आता माझी गोष्ट.

माझी आई पाटीवाली. मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला मासळी न्यायची, पुढे दारोदार. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तो तिच्या पाटीवर. मुंबईत सर्टिफिकेट द्यायचा कार्यक्रम होता, पालकांना बोलावलं होतं. आदल्या रात्री मी तिला म्हटलं, "आय, उद्या गोल साडी नेस ना. सगळ्यांच्या आया तशाच येतील."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. काही बोलली नाही. शेजारच्या वयनीकडून साडी मागून आणली, परकर आणला, वयनीनेच नेसवून दिली.

सकाळी लाँच भाऊच्या धक्क्याला लागली. ओहोटी होती, लाँच खाली आणि धक्का वर. त्याच ठिकाणी ही बाई पंचवीस-तीस वर्षं डोक्यावर भरलेली पाटी घेऊन चढलेली, कुणाचा हात न धरता. त्या दिवशी डोक्यावर काही नव्हतं. तरी तिला पाऊल टाकता येईना. साडीचा घेर पायाला आवळत होता. एक पाय लाँचवर, एक हवेत, अशी ती थांबली. मागून लोक ओरडायला लागले. शेवटी खलाशाने दंडाला धरून तिला वर खेचलं. तो तिला ओळखत होता. म्हणाला, "काय गो काकी, आज काय झालं तुला?"

ती हसली. मी दुसरीकडे बघत होतो.

कार्यक्रमात ती मागच्या रांगेत बसली, पदर सारखा सावरत. येताना एवढंच म्हणाली, "ह्या साडीन पाय अडकतान रे." मी त्यावर वीस वर्षं लिहिलं नाही. मोर्चे लिहिले, अपघात लिहिले, गावकीचे वाद लिहिले. हे नाही लिहिलं.

म्हणून त्या कमेंटवाल्या पोराला मी काय बोलणार? मला माझ्या आईचं लुगडं चारचौघांत नको होतं. आज त्याच लुगड्याच्या फोटोखाली मी "आपला वारसा" असं कॅप्शन लिहितो आणि लाइक मोजतो. बदललं काय? लुगडं कामावरून उठून स्टेजवर गेलं, आणि स्टेजवर गेल्यावर त्याची लाज वाटेनाशी झाली.

हे फक्त आपल्याकडे होतंय असं मला वाटायचं. पण माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. (उरण तालुक्यात प्रत्येक आळीत एक तरी पोरगा जहाजावर असतोच.) मागे त्याचं जहाज इंडोनेशियात जावा बेटावरच्या सुराबायाला लागलं होतं. एप्रिल महिना, तारीख २१. त्याने फोटो पाठवले. शाळेची लहान लहान पोरं नटून रांगेत. पोरींच्या कमरेला नक्षीचं कापड गुंडाळलेलं, वर घट्ट, पुढून उघडणारं झग्यासारखं जाकीट, केसांचा अंबाडा. खाली लिहिलं होतं, "मामा, इथे पण गॅदरिंग असतं." मग मी वाचत बसलो.

त्या जाकिटाला केबाया म्हणतात. खालच्या कापडावर बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेली नक्षी. कमरेला लांबलचक पट्टा आवळून बांधतात, खांद्यावर ओढणीसारखं कापड. एके काळी त्या नक्षीवरून माणसाची पायरी कळायची. योग्यकार्ता आणि सुराकार्ताच्या राजवाड्यांनी काही नक्ष्या राजघराण्यासाठी राखून ठेवल्या होत्या, साध्या माणसाने त्या नेसायच्या नाहीत. म्हणजे कपड्यावरून ओळख आणि ओळखीवरून जागा, हा खेळ तिथेही जुनाच.

आणि २१ एप्रिल म्हणजे कार्तिनीचा जन्मदिवस. ही जावातल्या जेपाराची मुलगी, जन्म १८७९. तिथे तेव्हा डच राज्य. मुलींनी शिकावं, बालपणी त्यांची लग्नं लावू नयेत म्हणून ती पत्रं लिहीत राहिली. १९०४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर काही दिवसांत वारली. तिची पत्रं पुढे पुस्तकात आली. १९६४ मध्ये अध्यक्ष सुकार्नोंनी तिचा जन्मदिवस राष्ट्रीय पातळीवर पाळायचं जाहीर केलं. आपल्या सावित्रीबाईंसारखंच समजा. आणि आज तिच्या दिवशी शाळांमध्ये मुख्य कार्यक्रम काय, तर पोरींना केबाया नेसवून मिरवणं. तिथल्याच बायका विचारतात की कार्तिनी शाळेसाठी भांडली, कपड्याच्या स्पर्धेसाठी नाही.

पुढचं अजून ओळखीचं वाटेल. सुहार्तोंच्या राजवटीत, १९७४ मध्ये, सरकारी नोकरांच्या बायकांची एक संघटना केली. तिच्या समारंभांत केबाया हा जवळपास गणवेश झाला. नवऱ्याचा जो हुद्दा, तो बायकोचा संघटनेतला हुद्दा. ज्या कपड्यात स्वातंत्र्याच्या काळातल्या बायका सभा घेत होत्या, त्याच कपड्यात आता बायकांनी "आदर्श गृहिणी" म्हणून रांगेत बसायचं. कापड तेच. ते कोण कुणाला नेसवतंय, यावर त्याचा अर्थ फिरला.

डिसेंबर २०२४ मध्ये केबाया युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि थायलंड या पाच देशांनी मिळून अर्ज केला होता. "केबाया आमचाच" असं प्रत्येकाला म्हणता आलं असतं, पण शेवटी एकत्र आले. आपल्याकडे ग्रुपवर "लुगडं आगऱ्यांचं का कोळ्यांचं" यावर जे रात्री बारापर्यंत चालतं ना, त्या मंडळींनी एवढं तरी घ्यावं.

पण त्या फोटोंत मला सगळ्यात जवळची वाटली ती वेगळीच बाई. जावात जामू नावाचा हळद, आलं, झाडपाल्याचा काढा विकतात. तो विकणाऱ्या बायका पाठीवर टोपलीत बाटल्या घेऊन, खांद्यावरच्या कापडाने ती टोपली बांधून, गल्लीगल्लीत फिरतात. त्यातल्या जुन्या बायका केबाया आणि बाटिकमध्येच असतात, कारण त्यांचा तो रोजचा कपडा आहे. भाच्याने एकीचा फोटो पाठवला होता, बंदराच्या गेटबाहेरचा. पाठीवर टोपली, बाटल्या, उन्हाने रापलेला चेहरा. मला वाटलं, ही तर आपली पाटीवाली. नुसतं पाठीवर आणि डोक्यावर एवढाच फरक.

तर आता परत करंजाला येऊया.

लुगडं गेलं कसं? "पोरी फॅशनच्या मागे लागल्या" हे उत्तर खोटं आहे. लुगडं ज्या जागी लागत होतं त्या जागा गेल्या. मिठागरं गेली. भातशेती सिडकोकडे गेली. खाड्यांत भराव पडला. ही माझी भावना नाही, निकालपत्रात आहे. २७ फेब्रुवारी २०१५ ला राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने आपल्या भागातल्या चार कोळीवाड्यांच्या अर्जावर निकाल दिला. बंदराच्या कामांमुळे पारंपरिक मच्छीमारांची रोजी बुडाली हे मान्य केलं, आणि १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कुटुंबाला साधारण पावणेसहा-सहा लाख. पैशाचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. मी एवढंच म्हणतो की ज्या चिखलात उतरायला कासोटा लागतो तो चिखलच कंटेनर यार्डाखाली गेला, तर कासोटा कशाला राहील?

दुसरी गोष्ट. पुरुषांचा रुमाल कुठे गेला? कोळ्याच्या कमरेचा तो तिकोनी चौकड्याचा रुमाल, डोक्याची टोपी. कंपनीत नोकरी लागली तसा गडी पँट घालून निघाला, आणि कुणीही त्याला "संस्कृती बुडवली" म्हटलं नाही. आजही हळदीत एक दिवस रुमाल गुंडाळला की त्याची जबाबदारी संपते. पण पोरगी जीन्समध्ये दिसली की गावकीला परंपरा आठवते. ओळख सगळ्या गावाची, आणि ती वाहायची मात्र फक्त बाईने? ग्रुपवर कधी कधी प्रस्ताव येतो की सणाला मुलींना लुगडं सक्तीचं करा. माझा त्याला साफ विरोध. सुहार्तोंच्या संघटनेत आणि या प्रस्तावात मला फरक दिसत नाही.

लगेच कुणी म्हणेल, मग मिरवणुकीतल्या पोरींना नावं ठेवतोस का? अजिबात नाही. त्या हौसेने नेसतात, नाचतात, आरशात बघून खूश होतात. माझी पोरगी त्यातच होती. शिवलेलं घातलं तरी माझी तक्रार नाही, सव्वाआठ मीटर नेसायला शिकवणारं घरात कुणी उरलं नसेल तर ती काय करणार? आणि मोर्चाच्या मेसेजखाली "महिलांनी पारंपरिक वेशात यावे" लिहितात, तेही मी समजू शकतो. सरकारला दाखवायचं असतं की इथे आधीपासून माणसं राहतात. पण १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या हाकेवर जासई-दास्तानला लोक उतरले, पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्यात बायकांना असा मेसेज द्यावा लागला नव्हता. त्या शेतातून आणि बाजारातून जशा होत्या तशा उठून आल्या होत्या.

आणखी एक कमेंट येणार, माहीत आहे. "आजच्या मच्छीवाल्या तर गाऊनवर बसतात, कुठे आहे लुगडं?" खरंय. पन्नाशीच्या आतल्या बहुतेक जणी गाऊन किंवा ड्रेसवर असतात. धुवायला सोपा, वाळायला सोपा, स्वस्त. त्यांनी त्यांच्या कामाला सोयीचा कपडा निवडला, जसा त्यांच्या आज्यांनी लुगडं निवडलं होतं. गाऊनवरची कोळीण मला कमी कोळीण वाटत नाही. पहाटे बंदरावर लिलावात बोली लावते, बर्फाला पैसे मोजते, टेम्पोवाल्याशी हुज्जत घालते आणि बाजारात जागा अडवून बसते. लुगड्याच्या मागे जी बाई होती ती हीच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. लुगड्याचा अभिमान असेल तर पाटीवालीची जागा वाचवा. जागा गेली तर लुगडं फक्त भाड्याच्या दुकानात राहील.

आणि हे नुसतं भावनेचं नाही, कायद्यात आहे. पथविक्रेता कायदा, २०१४. त्यात लिहिलंय की आधी सर्वेक्षण करा, ते होईपर्यंत कुणाला उठवू नका. पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निदान ४० टक्के प्रतिनिधी हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्री चालू आहे तो बाजार "वारसा बाजार" जाहीर करायचा, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. वारसा हा शब्द कायद्यानेच त्यांना दिलाय. आपण तो मिरवणुकीच्या बॅनरवर शोधत बसलोय.

हा कायदा शहरांसाठी आहे. पण आपल्या बायका विकायला जातात त्या शहरांतच ना? उरण आहे, पनवेल आहे, पुढे नवी मुंबई. इंग्रजांच्या जुन्या कागदांत तर करंजा पनवेल तालुक्यातच दाखवलेलं आहे, म्हणजे या बाजारांशी आपलं नातं किती जुनं ते बघा. पन्नास वर्षांचा पुरावा लागला तर म्हाताऱ्या बायका जिवंत आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्यायला हवेत. मुंबईत २०२१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळची शिवाजी मंडई धोकादायक म्हणून रिकामी केली आणि घाऊक मासळी बाजार ऐरोलीला हलवायचं ठरवलं, तेव्हा कोळी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. आपल्यावर ती वेळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच कागद तयार ठेवा.

करंजाला नवं मच्छीमार बंदर उभं राहिलंय, रेवसचा पूल होतोय, रेल्वे उरणपर्यंत आली. चांगलंच आहे. माझे प्रश्न साधे आहेत. बंदरावर बायकांना बसायला छप्पर किती फूट? लिलावाच्या जागेजवळ बायकांसाठी संडास किती, आणि त्याला पाणी आहे का? पहाटे चारला आलेल्या बाईने सकाळी दहापर्यंत काय करायचं? उन्हात मासळी ठेवायला पेट्या कुठे, बर्फ कुठे? बाजारात ओटा कुणाच्या नावावर, नवऱ्याच्या का तिच्या? हे प्रश्न मी अर्ज करून विचारणार आहे आणि उत्तरं इथेच टाकणार आहे. सह्यांसाठी सोबत कोण येतंय ते सांगा.

आणि घरातलं एक काम. तुमच्या आजीला, काकीला लुगडं नेसता येत असेल तर तिला विचारून, तिची तयारी असेल तरच, मोबाइलवर पूर्ण शूटिंग करा. गाणं नको, एडिटिंग नको. गाठ कुठे मारते, निऱ्या किती, कासोटा कसा खोचते, कनवट कुठे करते, आणि का, ते तिच्या तोंडून. ती तुमची आगरी-कोळी बोली बोलेल ती तशीच राहू द्या.

मी घरी सुरुवात केली. आई आता चौऱ्याहत्तरची. गुडघे गेलेत, घरी गाऊनवर असते. तिची लुगडी ट्रंकेत आहेत. मिरवणुकीनंतर मी म्हटलं, "आय, पोरीला खरं लुगडं नेसायला शिकव ना." ती म्हणाली, "नेसवीन की. पन नेसून जाणार कुठं ती?"

मला उत्तर देता आलं नाही. पोरीने दिलं. म्हणाली, "आज्जी, मला तुझ्याबरोबर मोऱ्याला नेशील? लाँच बघायला."

रविवारी गेलो तिघं. पोरीला आईने सकाळी दीड तास लावून नेसवलं होतं. दोनदा सुटलं, दोनदा परत. धक्क्यावर आई रिक्षातच बसून राहिली, उतरायला जमेना. पोरगी पायऱ्या उतरून खाली पाण्यापर्यंत गेली आणि पळत वर आली. आईने तिच्या पायांकडे बघितलं, कासोट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डावीकडं सैल झालाय. घट्ट मार."

मग मी आईला ती लाँचची गोष्ट काढून विचारलं, त्या दिवशी साडी नेसायला सांगितली म्हणून राग आला होता का? म्हणाली, "राग कसला. तू लाजत होतास तं मी काय करू." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, चल, ऊन झालं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये लिहा, उत्तर देईन, फक्त शिव्या नकोत. आणि उद्या बाजारात गेलात तर रस्त्यावर बसलेल्या मावशीकडून घ्या. भाव करा, पण तिला "बाजूला सरक" म्हणू नका. ती तिथे तुमच्या-माझ्या आधीपासून बसलेली आहे.